ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी : जगाचा हिशेब आणि बार्शीची वही

मराठी वर्तमानपत्रात ‘भारतात वर्षाला कर्करोगाचे चौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण’ असे वाक्य छापून येते, तेव्हा त्या आकड्याचा उगम बहुधा फ्रान्समधल्या ल्यों शहरात असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ साली स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे मुख्यालय तिथे आहे आणि ‘ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी’ हे संकेतस्थळ हीच संस्था चालवते. भारत २००६ पासून या संस्थेचा सदस्य आहे. आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी मराठीत टिपणे तयार करण्याच्या निमित्ताने हे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे वापरत आलो आहे, आणि हे परीक्षण त्या वापरातून आलेले आहे. सेवा पूर्णपणे मोफत आहे.

संकेतस्थळाचा गाभा म्हणजे ‘कॅन्सर टुडे’ हा विभाग. १८५ देश आणि ३६ प्रकारचे कर्करोग यांचे २०२२ या वर्षासाठीचे अंदाज, म्हणजे ज्यांना ‘ग्लोबोकॅन’ म्हणतात ते, इथे मिळतात. त्या वर्षी जगात सुमारे दोन कोटी नवे रुग्ण आढळले आणि ९७ लाख मृत्यू झाले. भारताच्या वाट्याचे आकडे १४,१३,३१६ नवे रुग्ण आणि ९,१६,८२७ मृत्यू असे आहेत. देश, लिंग, वयोगट आणि अवयव निवडत गेले की नकाशा किंवा आलेख समोर येतो आणि तो उतरवून घेता येतो. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगी आहे ते प्रत्येक देशाचे लहानसे माहितीपत्रक. भारताचे पत्रक उघडले, की स्तनाच्या कर्करोगाचे १,९२,०२०, ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे १,४३,७५९ आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे १,२७,५२६ नवे रुग्ण हा क्रम एका दृष्टिक्षेपात कळतो. पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे हेही त्याच पानावर दिसते, आणि तंबाखूविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला याहून वेगळी प्रस्तावना लागत नाही.

याशिवाय भविष्यातील अंदाजांचा, काळानुसार झालेल्या बदलांचा, रुग्णांच्या जगण्याच्या प्रमाणाचा आणि कारणांचा असे स्वतंत्र विभाग आहेत. भविष्याच्या विभागातला, २०५० साली नव्या रुग्णांची संख्या साडेतीन कोटींच्या घरात जाईल हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. परंतु त्या वाढीचा मोठा भाग लोकसंख्या वाढण्याचा आणि ती म्हातारी होण्याचा आहे, हे उद्धृत करणारे क्वचितच सांगतात.

नवख्या वाचकाची पहिली फसगत इथल्या नकाशावर होते. नकाशात दिसतो तो वयप्रमाणित दर. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा आजार असल्यामुळे म्हाताऱ्यांचा देश आणि तरुणांचा देश यांची थेट तुलना केली, तर ती ज्या गावात निवृत्त मंडळीच राहिली आहेत त्याची तुलना वसतिगृहांनी भरलेल्या शहराशी करण्यासारखी होते. म्हणून दोन्ही देशांची वयोरचना एकसारखी असती तर दर काय निघाला असता, याचे गणित करावे लागते. या हिशेबाने भारताचा दर लाखामागे ९८.५ आणि ऑस्ट्रेलियाचा ४६२.५ येतो. नकाशावर भारत फिकट दिसतो, आणि आपल्याकडे कर्करोग कमीच आहे, असा समाधानाचा सूर प्रशिक्षणवर्गात मी प्रत्यक्ष ऐकला आहे.

अशा वेळी नव्या रुग्णांच्या जागी मृत्यू निवडावेत. चित्र बदलते. वर दिलेल्या आकड्यांचाच भागाकार केला तर भारतात शंभर नव्या रुग्णांमागे सुमारे ६५ मृत्यू पडतात. जगाच्या सरासरीत हेच प्रमाण ४८-४९ च्या आसपास आहे. स्तनाच्या कर्करोगाबाबत ल्योंच्या संस्थेने २०२४ च्या फेब्रुवारीत दिलेली तुलना तर मी प्रत्येक टिपणात घालतो. अतिशय उच्च मानवविकास असलेल्या देशांत आयुष्यभरात बारांतील एका स्त्रीला हा रोग होतो आणि ७१ तील एक त्याने दगावते. अल्प मानवविकासाच्या देशांत तो सत्तावीसांतील एकीला होतो, परंतु ४८ तील एक दगावते. रोग निम्म्याहून कमी स्त्रियांना होतो आणि मृत्यू मात्र जास्त, याचा अर्थ निदान उशिरा होते आणि उपचार पोहोचत नाहीत, हा होय. ही विषमता इतक्या साधेपणाने दाखवणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही, आणि या एका कारणासाठीही हे संकेतस्थळ वापरायला सांगावे असे मला वाटते.

तथापि हे सारे आकडे अंदाज आहेत, मोजणी नव्हे. भारतात प्रत्येक रुग्णाची नोंद कुठेतरी होते आणि तिथून ती ल्योंला जाते, अशी जर कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. नोंद होते ती ठरावीक प्रदेशांतल्या कर्करोग नोंदणी केंद्रांत, आणि त्या केंद्रांच्या कक्षेत देशाची सुमारे दहा टक्केच लोकसंख्या येते. उरलेल्या नव्वद टक्क्यांविषयी त्यांवरून अनुमान केले जाते. संकेतस्थळावर आकडेवारीचे स्रोत आणि पद्धती सांगणारे पान आहे. ते फारसे कोणी उघडत नाही. ते उघडावे, कारण महाराष्ट्राचा या जागतिक हिशेबाशी असलेला संबंध तिथून सुरू होतो.

भारतातले पहिले लोकसंख्याधिष्ठित, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या सर्व रहिवाशांमधील रुग्णांची नोंद ठेवणारे, कर्करोग नोंदणी केंद्र १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केले, आणि त्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला होते. पुढे पुणे, नागपूर आणि औरंगाबाद इथेही नोंदणी सुरू झाली. ही सर्व शहरे होती. खेड्यांतल्या कर्करोगाचा पत्ता यांतून लागणार नव्हता, कारण खेड्यातला रुग्ण पुष्कळदा कोणत्याच मोठ्या रुग्णालयात पोहोचत नसे. १९८७ साली बार्शीत देशातले पहिले ग्रामीण नोंदणी केंद्र उभे राहिले ते ही अडचण समोर ठेवूनच. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे त्याच्या कक्षेत होती. डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने यांनी रुग्णालयात येणाऱ्या कागदांची वाट पाहण्याऐवजी कार्यकर्ते गावोगाव पाठवण्याची पद्धत स्वीकारली. हे कार्यकर्ते ठरावीक काळाने गावात जात, गावातल्या जाणत्या माणसांना भेटत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि ज्यांच्याविषयी शंका आहे अशांना तपासणीसाठी रुग्णालयात आणत. नोंदीसाठी सुरू झालेल्या या फेऱ्यांचा दुसराही परिणाम झाला. गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या, सुरुवातीच्या अवस्थेत सापडू लागला, आणि हे निरीक्षण पुढे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ल्योंची संस्था जगभरातल्या निवडक दर्जेदार नोंदणी केंद्रांची आकडेवारी खंडशः प्रसिद्ध करते. त्यांत ओसाका, नॉर्वे यांच्या पंगतीला बार्शी, परांडा आणि भूम ही नावे छापलेली पाहिली, तेव्हा मी ते पान दोनदा वाचले.

हे नाते नोंदींपुरते राहिले नाही. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ल्योंची संस्था, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांनी मिळून एक मोठी चाचणी सुरू केली. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट पाडण्यात आले. तीन गटांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन वेगवेगळ्या तपासण्या एकेकदा देऊ केल्या गेल्या आणि चौथ्या गटाला नेहमीच्या आरोग्यसेवेवर ठेवले गेले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, चौथ्या गटात ६४; पुढच्या अवस्थेतले रुग्ण अनुक्रमे ३९ आणि ८२ होते. पेशींची तपासणी आणि आम्ल लावून केलेली डोळ्यांनी पाहणी या दोन पद्धतींनी मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट झाली नाही. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे जगाला मराठवाड्यातल्या खेड्यांतून कळले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो वाद अनाठायी होता असे मला वाटत नाही. ज्या ६४ स्त्रिया त्या रकान्यात आहेत, त्यांच्यामुळे मिळालेल्या ज्ञानाचा लाभ त्यांच्याच जिल्ह्यातल्या लेकीसुनांपर्यंत कितपत पोहोचला, हे विचारण्याचा अधिकार त्या जिल्ह्याला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही तपासणीला प्राधान्य दिले. आपल्या सरकारी कार्यक्रमाची भिस्त दीर्घकाळ डोळ्यांनी केलेल्या पाहणीवरच राहिली.

आता या सेवेतल्या उणिवा. सर्वांत मोठी उणीव म्हणजे देशाच्या आत डोकावता येत नाही. संपूर्ण भारत एका रंगात रंगवलेला आहे, आणि भारतापुरते बोलायचे तर तो रंग जवळजवळ निरर्थक आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या काळाच्या अहवालात पुरुषांमधला वयप्रमाणित दर मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४ होता आणि उस्मानाबाद-बीडमध्ये ३९.५. एकाच देशात पावणेसातपट अंतर! ऐझॉलचा आकडा युरोपातल्या देशांशेजारी बसेल, आपल्याकडचा आकडा जगाच्या तळाशी जाईल, आणि अशा साऱ्या प्रदेशांची सरासरी काढून बनलेला ९८.५ हा दर दोघांनाही लागू पडणार नाही. महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेचे नियोजन करणाऱ्याने म्हणूनच ल्योंच्या नकाशावर थांबू नये, हा नोंदणी कार्यक्रम चालवणाऱ्या बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्राचे अहवाल उघडावेत. ते दिसायला रुक्ष आहेत, पण त्यांत जिल्हा सापडतो.

दुसरी गोष्ट उणीव म्हणण्यापेक्षा वापरणाऱ्यांची चूक आहे, तरी ती इतकी सर्रास होते की सांगितलीच पाहिजे. २०२० च्या आवृत्तीत भारताचे नवे रुग्ण १३,२४,४१३ होते, २०२२ च्या आवृत्तीत ते १४,१३,३१६ झाले, म्हणून दोन वर्षांत नव्वद हजारांच्या आसपास रुग्ण वाढले, असे लिहिणे चूक आहे. दरम्यान स्रोत आणि पद्धती बदललेल्या असतात, आणि दोन आवृत्त्यांची अशी वजाबाकी करू नये, असे अंदाज करणारेच बजावतात. अंदाज किती लवचीक असतो याचा दाखला घरचाच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी त्याच २०२२ या वर्षासाठी १४,६१,४२७ नवे रुग्ण असा अंदाज दिला आहे. दोहोंतला फरक ४८ हजारांचा आहे. यात कोणी खोटे बोलत नाही. पण शेवटच्या एककापर्यंत छापलेला आकडा वाचणाऱ्याच्या मनात जी खात्री निर्माण करतो, तितकी खात्री त्या आकड्याला स्वतःला नसते. संकेतस्थळाने हे इशारे तळटीपेत न ठेवता आलेखाशेजारी ठेवले असते, तर मी त्याला आणखी गुण दिले असते.

भाषेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मराठी किंवा हिंदीत काही नाही. आलेख उतरवून त्यावर मराठी नावे आपणच चढवावी लागतात, आणि ‘इन्सिडन्स’ व ‘प्रिव्हलन्स’ यांचे भाषांतर करताना पहिल्याचे ‘नवे रुग्ण’ आणि दुसऱ्याचे ‘हयात रुग्ण’ असे न केल्यास ऐकणाऱ्यांचा गोंधळ हमखास होतो, हा माझा अनुभव आहे.

पत्रकार, शिक्षक, वैद्यकीय विद्यार्थी आणि आरोग्य कार्यकर्ते यांना मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. रुग्णाला किंवा त्याच्या नातलगांना मात्र सुचवणार नाही. मृत्यूचे रकाने वाचून त्यांना भीतीशिवाय काही मिळणार नाही, आणि त्यांचे प्रश्न डॉक्टरसमोरच सुटणारे आहेत. नोंदणी केंद्र चालवणाऱ्यांसाठी याच संस्थेने मोफत संगणकप्रणाली उपलब्ध केली आहे, आणि आशियातील मोठ्या भागातल्या केंद्रांना प्रशिक्षण देण्याचे काम २०१२ पासून मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातून चालते. म्हणजे शेजारच्या देशांतला नोंदणी कर्मचारी ही वही कशी ठेवायची ते शिकतो ते परळमध्ये.

मागच्या प्रशिक्षणात भारताचे माहितीपत्रक पडद्यावर असताना एका आशाताईंनी विचारले, “यात आमच्या तालुक्यातल्या किती आहेत?” संकेतस्थळावर याचे उत्तर नाही. ते मी दुपारच्या सत्रात नोंदणी केंद्राच्या अहवालातून वाचून दाखवले, आणि ताईंनी तो आकडा आपल्या डायरीत लिहून घेतला.