जुन्या साडीचं काय शिवावं: कुर्ता, परकर-पोलकं की गोधडी?

आधी डिझाइन ठरवून मग कपाटात साडी शोधायला गेलं की बहुधा फसगत होते. साडीत किती जीव उरलाय, त्यावरून काय शिवायचं ते ठरतं.

साडी धुऊन, फॉल उसवून खिडकीच्या उजेडात धरा. बसण्याच्या जागी विरलेला भाग, टाचेला घासलेली कड, खांद्यावरची पिनांची भोकं, सगळ्यावर खडूने खुणा करा. मग दोन्ही अंगठे इंचभर अंतरावर ठेवून कापड उभं आणि आडवं ताणा. चर्र आवाज आला किंवा धागे सरकले, तर कुर्त्याचा विचार सोडा. रेशमी साडी घडीच्या रेषांवरच आधी चिरते, म्हणून तिथे नक्की तपासा.

कुर्त्यात सगळा ताण मुंढ्यावर (बाही जोडतो तिथे) आणि पाठीवर येतो, म्हणून त्याला सर्वांत धड कापड लागतं. सुती इरकल किंवा जाडसर सुती काठपदर यासाठी उत्तम. साडेपाच मीटरांतले जेमतेम अडीच मीटर लागतात, त्यामुळे विरलेले भाग टाळता येतात. काठ खाली घेरावर हवा असेल तर कुर्ता साडीच्या पन्ह्यात (रुंदीत) आडवा बेता. पन्हा साधारण 45 इंच असल्याने गुडघ्याखालपर्यंतची लांबी आरामात मिळते, खालची पट्टी दुमडावी लागत नाही आणि वरचा काठ बाह्यांना जातो.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. कमरेला खोचायच्या टोकाचा मीटरभर भाग उन्हापासून झाकलेला राहतो, त्यामुळे त्याचा रंग गडद असतो. पुढचा भाग तिथून आणि मागचा मधून कापला तर बाजूच्या शिवणीवर दोन छटा उघड दिसतात. दुसरं, सुती अंग धुऊन धुऊन आटलेलं असतं आणि काठ आटलेला नसतो, म्हणून काठाला लाटा पडतात. इस्त्रीने त्या जात नाहीत. काठ कापून, अंग सपाट करून पुन्हा जोडावा लागतो. इरकलचा पदर वेगळा ताणा (उभे धागे) जोडून विणलेला असतो. तो जोड मुंढ्याजवळ आणू नका, आणि पदराचा लाल रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा.

अस्तराचं मलमल रात्रभर भिजवून वाळवा. अस्तर आणि साडी एकत्र कापून, कच्चे टाके घालून एकच कापड समजून शिवा, म्हणजे ताण अस्तर घेतं. माया (शिवणीबाहेर सोडायचं कापड) नेहमीच्या अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच ठेवा. 11 नंबरची सुई आणि अडीच ते तीन मिलिमीटरची टीप वापरा. बारीक टीप मजबूत वाटते, पण जुन्या कापडाला ती ओळीने भोकं पाडते आणि ते तिथेच फाटतं.

गोधडीला विरलेलं कापडही चालतं, कारण ताण कुठे एका जागी येतच नाही. 45 बाय 90 इंचांच्या गोधडीसाठी एका सहावारीतून दोन थर निघतात. दोन साड्यांचे चार थर पुरेत. फाटके आत, धड बाहेर. सुतीत सिंथेटिक मिसळू नका. धुण्यात सुती आणखी आटतं, सिंथेटिक तसंच राहतं आणि गोधडी फुगते. वीतभर अंतरावर कच्चे टाके घालूनच धावदोरा सुरू करा, नाहीतर कडेकडून शिवत गेल्यावर मध्यभागी कापडाचा फुगा उरतो. घरच्या मशीनवर हा प्रकार टाळलेलाच बरा: थर सरकतात आणि गुंडाळी मशीनच्या हाताखालून जात नाही. हाताने मात्र फावल्या वेळात महिना-दीड महिना सहज जातो.

परकर-पोलकं या दोहोंच्या मधलं. घेर सैल असल्याने मध्यम जुनं रेशीमही चालतं, फक्त नेफा नव्या सुती कापडाचा घ्या. सहा वर्षांच्या मुलीला 26 इंच उंची आणि दोन मीटर घेर पुरतो. आतून दोन-दोन इंचांच्या दोन दुमडी घातल्या तर नंतर आठ इंच सोडता येतात, कारण प्रत्येक दुमडीत दुप्पट कापड जातं. रेशमाच्या दुमडीवर कडक इस्त्री फिरवू नका, सोडताना तिथेच चिरतं. पोलक्याचे मुंढे घट्ट असतात, तेव्हा त्याला अस्तर हवंच. साडी फारच विरली असेल तर पोलकं नव्या खणाचं शिवून साडीचा काठ फक्त बाह्यांना लावा.

काठा-पदरातली जरीची तार खऱ्या चांदीची असण्याची शक्यता वाटली, तर कात्री लावण्याआधी सराफाला दाखवा.