गाबाँचे तीन शेवट: आधी कुठला बघावा?

1930 च्या दशकातले फ्रेंच प्रेम-गुन्हेपट बघायचे ठरवलं की तीन नावं हमखास पुढे येतात. ज्युलियाँ द्युविव्हिएचा ‘पेपे ल मोको’ (1937), मार्सेल कार्नेचा ‘ल के दे ब्र्यूम’ (1938) आणि त्याचाच ‘ल जूर स लेव’ (1939). तिन्हींत नायक जाँ गाबाँ. तिन्हींत तो एकीवर जीव टाकतो आणि तिन्हींत मरतो. लांबी प्रत्येकाची दीड तासाच्या आसपास. मग कुठूनही सुरुवात केली तर काय बिघडलं? माझ्या मते बिघडतं. चुकीच्या टोकाने शिरलं तर हे सगळे सिनेमे नुसते रडके वाटतात आणि माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही.

पुढे शेवट सांगूनच बोलणार आहे. हा माणूस सुटणार नाही हे इथे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. बघायचं असतं ते तो अडकतो कसा.

‘पेपे’ सगळ्यांत वेगवान. पॅरिसचा नामचीन दरोडेखोर पेपे अल्जियर्सच्या कसबामध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या दाट वस्तीत लपलाय. गच्च्या, जिने, बोळ असा तो चक्रव्यूह, त्यात पोलिसांची हिंमत होत नाही. आत तो राजा, बाहेर पाऊल टाकलं की कैदी. इन्स्पेक्टर स्लिमान त्याच्याशी रोज गप्पा मारतो, अटकेची घाई करत नाही, कारण पेपे कधीतरी स्वतःच बाहेर येणार याची त्याला खात्री आहे. मग येते गाबी, हिऱ्यांनी मढलेली पॅरिसची बाई. दोघं एकमेकांना पॅरिसमधल्या जागांची नावं सांगत बसतात, तो एक, ती एक, आणि शेवटचं नाव दोघांच्या तोंडून एकदमच निघतं. बस्स, तिथे पेपे संपला. त्याला गाबी हवी आहे की तिच्या अंगाला लागून आलेलं शहर, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

यातला एक प्रसंग मला नायिकेच्या सगळ्या प्रसंगांपेक्षा मोठा वाटतो. फ्रेएल ही त्या काळची खरीखुरी गायिका. इथे ती एका गुंडाची थकलेली बायको आहे. ती आपल्याच तरुणपणची रेकॉर्ड लावते आणि डोळ्यांत पाणी आणून त्या आवाजाबरोबर गाते. भिंतीवर तिचाच जुना फोटो. हातातून गेलेलं परत मिळत नाही, हे सांगायला या सिनेमाला आणखी काही लागत नाही.

खटकणारी गोष्टही सांगायला हवी. कसबा इथे देखावा म्हणून आहे. तिथल्या अल्जेरियन माणसांना स्वतःचं आयुष्य जवळपास नाहीच. पेपेवर जिवापाड प्रेम करणाऱ्या इनेसलाही पटकथा फार स्वस्तात निकालात काढते. वसाहतवादी नजर आहे ती, आणि आज बघताना ती टोचते.

‘के दे ब्र्यूम’ सर्वांत प्रसिद्ध, पण सुरुवातीला तो नको. लष्करातून पळालेला सैनिक जाँ (गाबाँ) धुक्यातून ल हाव्र बंदरात येतो. मागे एक कुत्रं लागतं, ते शेवटपर्यंत सोडत नाही. नायिका नेली झालेली अठरा वर्षांची मिशेल मॉर्गां, तिरकी बेरे टोपी, पारदर्शक रेनकोट: ही प्रतिमा ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्याही ओळखीची असते. ओयगेन शुफ्तानचं छायाचित्रण, मोरिस जोबेरचं संगीत, सगळं अव्वल. पण जाक प्रेव्हेरचे संवाद इथे जरा जास्तच कवितेकडे झुकतात. धक्क्यावरच्या झोपडीत भेटणारा प्रत्येक जण आयुष्याबद्दल काहीतरी बोलून जातो. या दुनियेची सवय झाल्यावर तेच आवडायला लागतं, आधी नाही. मिशेल सिमाँचा झाबेल मात्र कधीही बघावा. भक्तिसंगीत ऐकणारा, सभ्य बोलणारा आणि आतून किडलेला दुकानदार.

‘जूर स लेव’ मला तिघांत श्रेष्ठ वाटतो. बंद दारामागे गोळी सुटते, पोट धरून एक माणूस बाहेर येतो आणि जिन्यावरून गडगडत खाली जातो. खून झालेला आहे, खुनी खोलीत आहे, पोलीस खाली आहेत. उरलेला सिनेमा म्हणजे ती एक रात्र, आणि त्या रात्रीत फ्रान्स्वा नावाच्या या कारखान्यातल्या कामगाराला आठवत जाणारे मागचे दिवस. दाराला कपाट लावलेलं, काडेपेटी संपलेली, म्हणून विझत आलेल्या सिगारेटवर तो पुढची पेटवतो. अलेक्सांद्र त्रोनेरने स्टुडिओत उभारलेली ती उंच, एकटी इमारत बघितली की त्याचं एकटेपण वेगळं सांगावं लागत नाही.

इथला खलनायक व्हालांतँ (ज्यूल बेरी) कुत्र्यांचे खेळ करणारा, गोडबोल्या आणि सराईत खोटारडा. फ्रान्स्वाला तो शब्दांनीच खुनापर्यंत खेचत आणतो. आणि त्याला सोडून आलेली त्याची साथीदार, आर्लेतीची क्लारा! तिला सगळं कळतं, आणि तरीही ती हसते.

नियतीच्या बाबतीत तिघांत खरा फरक पडतो. पेपे आपण होऊन सापळ्यात चालत जातो. ‘के दे ब्र्यूम’मधला जाँ बोटीवर पोचलेला असतो, पण नेलीला पुन्हा भेटायला उतरतो, हा योग थोडा जुळवून आणल्यासारखा वाटतो. फ्रान्स्वासाठी मात्र जिना मोकळा आहे. खाली जमलेले शेजारी, कामगार ‘तू चांगला माणूस आहेस, खाली ये’ म्हणून ओरडतायत. तो उतरत नाही, कारण तोवर त्याच्यात उतरण्यासारखं काही शिल्लक राहिलेलं नसतं. 1936 च्या डाव्या आघाडीची उमेद विझत आलेली आणि युद्ध दारात, अशा फ्रान्सला हा माणूस ओळखीचा वाटला असणार. मनोधैर्य खचवणारा म्हणून व्हिशी राजवटीने (1940 मध्ये जर्मनीपुढे हरल्यावर आलेल्या फ्रेंच सरकारने) या सिनेमावर बंदी घातली.

तेव्हा गँगस्टरपटांची आवड असेल, किंवा घरच्यांबरोबर बघणार असाल, तर ‘पेपे’पासून सुरुवात करा. एकच बघायचा असेल तर ‘जूर स लेव’, रात्री, मधे न थांबवता. ‘के दे ब्र्यूम’ तिसरा. ‘जूर स लेव’ची 2014 ची दुरुस्त प्रत मिळाली तर तीच घ्या, सेन्सॉरने उडवलेले काही तुकडे तिच्यात परत जोडलेले आहेत.