'द पोर्टेबल डोरोथी पार्कर': हसायला म्हणून घेतलं होतं

डोरोथी पार्कर म्हणजे न्यूयॉर्कची फटकळ बाई, चष्मेवाल्या पोरींच्या मागे पुरुष सहसा लागत नाहीत अशा त्या गाजलेल्या दोन ओळी लिहिणारी, एवढंच मला माहीत होतं. म्हणून तिच्या कथा, कविता, परीक्षणं, पत्रं असलेल्या या संग्रहाची पेंग्विनची २००६ ची आवृत्ती मागवली, मेरियन मीडने संपादित केलेली, सहाशेच्या वर पानं. दोन आठवडे रोज रात्री वाचतेय. हसायला मिळतंच, पण त्याच्या खाली जे आहे ना त्यासाठी घ्या.

आधी 'अ टेलिफोन कॉल' वाचा. एक बाई फोनची वाट बघतेय, बस एवढंच. देवाला विनवते, पाच-पाच करत पाचशेपर्यंत मोजायला घेते, तेवढ्यात वाजेल म्हणून, मग परत विनवणी. व्हॉट्सॲपवर लास्ट सीन बघत बसलेल्या कुणालाही हे कळेल. पहिल्या पानावर हसू येतं, नंतर कधी थांबलं ते कळतही नाही.

आणि 'बिग ब्लाँड'. १९२९ चा ओ. हेन्री पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतला लघुकथेचा मोठा पुरस्कार, मिळालेली कथा. हेझल सगळ्या पुरुषांना हसरी हवी असते, नवऱ्याला आणि नंतर जे जे येतात त्यांनाही, जरा उदास दिसली की त्यांचं तोंड वाकडं. एका जागी रस्त्यात गाडीचा घोडा गुडघ्यावर कोसळतो, गाडीवान शिव्या घालत चाबूक ओढतो, घोडा उठायला धडपडतो आणि हेझल बघत असते. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं. (शेवट फार जड आहे, मन आधीच खचलेलं असेल तर ही कथा नंतर वाचा.)

माझी आत्या अशीच तिखट जिभेची. लग्नात तिच्याभोवती घोळका असायचा, पण ती गप्प बसली की आज हिचा मूड नाही वाटतं म्हणत एकेक जण उठून जायचा. पुस्तकभर तीच दिसत होती.

पहिला भाग पार्करने स्वतः १९४४ ला लावलेला, कथा आणि कविता मिसळून, त्यामुळे क्रम मोडू नका. पुस्तक परीक्षणं भन्नाट. नाटकांची परीक्षणं मात्र मी सोडली, आता कुणाला आठवत नाहीत ती नाटकं. अक्षर बारीक आहे. पत्रं नक्की वाचा. १९२७ ला साको आणि व्हान्झेट्टी या दोन इटालियन स्थलांतरितांचा मृत्युदंड थांबवा म्हणून बॉस्टनच्या रस्त्यावर उतरून अटक झालेली, सगळी मालमत्ता मार्टिन ल्युथर किंग यांच्या नावे ठेवलेली बाई ही, आणि तिची रक्षा वर्षानुवर्षं एका वकिलाच्या फाइलच्या कपाटात पडून होती, हे वाचून फार वाईट वाटलं.

आत्याचं इंग्रजी बेताचंच, म्हणून रविवारी तिला फोनवर 'टेलिफोन कॉल' मराठीत सांगितली. पाचशे आकड्यांपाशी आल्यावर ती म्हणाली, मी हजारपर्यंत मोजायचे. मी विचारलं, कुणाच्या फोनसाठी गं आत्या? मग ती तासभर बोलत होती, एकदाही हसवलं नाही.