बेंजामिन मरॉडर .22 : खोक्यावरचा वेग आणि कागदावरचा ग्रुप

क्रॉसमन कंपनीची बेंजामिन मरॉडर अमेरिकेत 2009 मध्ये आली. ही पीसीपी, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी रायफल. इथे विचार केलाय तो .22 कॅलिबरच्या (म्हणजे 5.5 मिमी नळीच्या), रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) नसलेल्या मॉडेलचा. 215 घनसेंमीची टाकी, 3000 पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला पाउंड) दाब, दहा पेलेटचं, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांचं, मॅगझिन आणि दोन टप्प्यांचा ट्रिगर. खोक्यावर 1000 फूट प्रति सेकंद लिहिलेलं असतं. हा आकडा हलक्या पेलेटचा, त्यामुळे तो पाहून खरेदी ठरवू नका.

ताकद मोजायची तर क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) हवा आणि पेलेटचं वजन माहीत हवं. फूट प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले ग्रेनमधलं वजन (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक), भागिले 450240, की फूट-पाउंडांत ऊर्जा मिळते. 18.13 ग्रेनचा जेएसबी ब्रँडचा पेलेट सेकंदाला 850 फुटांनी जात असेल तर 29.1 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 39 ज्यूल. स्प्रिंगच्या बंदुकीची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: पीसीपीत जड पेलेटचा वेग कमी होतो, पण ऊर्जा बहुधा वाढते. घरात मोजत असाल तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बंद ठेवा. त्यांच्या लुकलुकण्याने प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ भलतेच आकडे दाखवतो.

खरी परीक्षा पूर्ण टाकीची. 3000 पीएसआय भरा आणि एकेक शॉटचा वेग लिहीत जा. सुरुवातीचे शॉट मंद निघतात, कारण जास्त दाब हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हला घट्ट मिटून धरतो आणि त्यावर आदळणाऱ्या हॅमरला तो पुरता उघडता येत नाही. दाब उतरतो तसा वेग चढतो, काही शॉट जवळपास स्थिर राहतो आणि मग घसरतो. कमाल वेगाच्या 4 टक्क्यांच्या आतले शॉट तेवढे कामाचे धरा. ही पट्टी कुठे सुरू होते ते प्रत्येक नगाचं वेगळं असतं. आपल्या रायफलची पट्टी 2800 ला सुरू होत असेल तर 2800 पर्यंतच भरा. त्यावरची हवा पंप मारून वाया. रायफलवरचं छोटं गेज पंपाच्या गेजशी जुळेलच असं नाही, म्हणून नेहमी एकाच गेजवर भरोसा ठेवा. हातपंपाने 2000 वरून 3000 वर जायचं म्हणजे साधारण 15 लिटर मोकळी हवा कोंबायची. घाम निघतो! मधेमधे थांबून पंप थंड होऊ द्या, नाहीतर आत पाणी जातं. सीलला फक्त सिलिकॉन तेल. साधं मशीन ऑइल दाबाखाली पेटू शकतं.

हे सगळं आधी का? कारण 50 यार्डांवर 4 टक्के वेगाचा फरक म्हणजे जवळपास दीड सेंटिमीटर वरखाली. कागदावर भोकं उभ्या रेषेत पसरली तर नळीला दोष देण्याआधी दाब बघा. आडवी पसरली तर वारा: ताशी 8 किलोमीटरचा आडवा वारा तेवढ्याच अंतरावर पेलेट 4 सेंटिमीटर ढकलतो. म्हणून पेलेटची निवड आधी 25 यार्डांवर, वारा पडलेला असताना करा. पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, नशिबाने छान येतो, दहाचा मारा. ब्रँड बदलला की नवा पेलेट नळीत रुळेपर्यंतचे शॉट मोजू नका.

नळीला तोंडाशी चोक आहे, म्हणजे ती तिथे किंचित अरुंद होते; चांगल्या पेलेटने 50 यार्डांवर इंचाच्या आत दहा शॉट मागायला हरकत नाही. आठ एकत्र आणि दोन भलतीकडे, असं वारंवार दिसलं तर नळीवरच्या आवरणाच्या टोपणात कापसाची काडी फिरवून बघा. एका बाजूला शिशाची रेघ असेल तर पेलेट बाहेर पडताना घासतोय. ते दुरुस्त होईपर्यंत स्कोपशी (नेम धरायच्या दुर्बिणीशी) कितीही झटापट केली तरी उपयोग नाही.

ट्रिगर उत्तम, या किमतीत तर फारच. मॅगझिन मात्र कुरबुरीचं. ते नळीमागच्या पेटीच्या वर डोकावतं, म्हणून स्कोप बसवायला उंच रिंगा घ्या (नेम धरायला नळीवरच्या लोखंडी साइट मुळातच नाहीत). बोल्ट चुकून दोनदा मागेपुढे झाला तर नळीत दोन पेलेट जातात आणि कागदावर दोन विचित्र भोकं दिसतात. शंका आली की सुरक्षित दिशेला रिकामी करा.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनी दुकानात जाण्यापूर्वी कायदा बघावा. तिथे एअर रायफलही फायरआर्म गणली जाते. भारतात 4.5 मिमीपेक्षा मोठी नळी किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो, आणि ही रायफल दोन्ही बाबतीत त्या रेषेपलीकडे आहे.