काजळी, कडप्पा आणि जपमाळ: केर काढणाऱ्या रोबोटसोबत आठ महिने

दसऱ्याला धाकट्या लेकीने हा रोबोट घरात आणला. त्याआधी तीन महिने माझी कंबर धरलेली होती. कमरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोस्टात 31 वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. घरात मी, हे आणि 84 वर्षांच्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. कराडला 620 चौरस फुटांचं आमचं घर आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. यंत्राला 23,500 रुपये पडले. तक्रारीही लिहिणार असल्यामुळे कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतली बहुतेक यंत्रं साधारण अशीच असतात.

आमच्या भागात राहणाऱ्याला काजळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, जाळल्याची काळी राख उडते आणि नोव्हेंबर ते मार्च ती गच्चीत, खिडकीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. कण मोठे दिसतात, पण बोट लागलं की चुरा होतो आणि पांढऱ्या फरशीवर काळी रेघ उमटते. केरसुणीने तो केर निघत नाही, पसरतो. चाळीस वर्षं मी आधी झाडून मग दोनदा पुसत आले. हे यंत्र कण दाबत नाही, वरच्यावर ओढून घेतं. काजळीच्या पहिल्या दिवशी दिवाणखान्यातून ते फिरून गेल्यावर मी ओल्या बोटाने फरशी पुसून पाहिली. बोट स्वच्छ! एवढ्या एका गोष्टीसाठीही मी ते पुन्हा घेईन.

मात्र झाडणं आणि पुसणं एकदम सुरू केलं तर हाच फायदा जातो. मागे लावलेलं ओलं फडकं राहिलेल्या काजळीवरून जातं आणि खोलीभर करडे पट्टे उमटतात. म्हणून मी आधी कोरडा फेरा देते, मग फडकं लावून दुसरा. पुसणं तसंही बेताचंच आहे. फडक्याला जोर नाही, त्यामुळे सांडलेल्या आमटीचा वाळलेला डाग तिसऱ्या दिवशीही तिथेच असतो. फिनेल टाकीत घालू नका असं पुस्तिकेत लिहिलं आहे, म्हणून साधं पाणीच घालते.

ते चालतं कसं, हे मला माझ्या नोकरीमुळे पटकन कळलं. पोस्टमनला बीट ठरवून दिलेली असते: कुठल्या गल्लीतून आत शिरायचं, कुठून बाहेर पडायचं, एकही घर न सुटता आणि एकाही घरी दोनदा न जाता. या यंत्राच्या डोक्यावर छोटी टोपी आहे. तिच्यात लेझर गोल फिरतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि त्यावरून अंतर मोजलं जातं. पहिल्या दोन फेऱ्यांत घराचा नकाशा तयार झाला. मग कडेने एक फेरी मारून ते मधला भाग पट्ट्यापट्ट्याने झाडत जातं, अगदी बीटसारखं. 2002 साली अमेरिकेत रूम्बा नावाचा रोबोट बाजारात आला, तेव्हा असा नकाशा नव्हता. आपटला की तो दिशा बदलायचा आणि कुठेतरी जायचा. आता आमचं सगळं घर 38 मिनिटांत होतं, अंधार असला तरी, कारण लेझरला दिवा लागत नाही.

नकाशात मात्र आमच्या झोपायच्या खोलीपलीकडे आणखी एक खोली दिसते. ती खोली नाहीच. कपाटाला जमिनीपर्यंत आरसा आहे, लेझर त्यात परावर्तित होतो आणि यंत्राला वाटतं पुढे जागा आहे. आरशाच्या खालच्या वीतभर भागावर कागद चिकटवला, तेव्हा ती खोली नकाशातून गेली.

दुसरी अडचण कडप्प्याची. स्वयंपाकघराच्या दारात काळ्या कडप्प्याची पट्टी आहे. यंत्राच्या पोटाखाली जिना ओळखणारे डोळे असतात. ते खाली किरण सोडतात, किरण परत आला नाही तर समोर खड्डा आहे असं समजून मागे फिरतात. काळा कडप्पा तो किरण शोषून घेतो. महिनाभर आमचं यंत्र स्वयंपाकघराच्या दारातून माघारी जात होतं. आम्हाला वाटलं बिघडलं. शेवटी ह्यांनी त्या पट्टीवर फिकट रंगाचं पातळ पायपुसणं दोन बाजूंनी चिकटवलं, तेव्हापासून आत जातं. घरात कडप्प्याची फरशी किंवा काळा ग्रॅनाइट असेल त्यांनी घेण्याआधी याचा विचार करावा.

आता ज्याचं वाईट वाटलं ते. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘एआय’, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, असं लिहिलं आहे. जानेवारीतल्या एका सकाळी आत्यांची तुळशीची जपमाळ पलंगावरून खाली घसरली होती. कुणाचं लक्ष नव्हतं. यंत्र पलंगाखाली गेलं, माळ ब्रशमध्ये गुंडाळली, दोरा तुटला. 108 मण्यांतले 106 सापडले. मी पोटावर झोपून टॉर्च लावून शोधलं, ब्रश उघडला, कचऱ्याचा डबा कागदावर उपडा केला. दोन मणी गेले ते गेलेच. आत्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, “ह्येला कळत न्हाई का गं, माळ हाय म्हणून?”

त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर ‘नाही’ असंच आहे. आमच्या यंत्राला भिंत कळते, खुर्चीचा पाय कळतो. वस्तू काय आहे ते कळत नाही. लेझर ठरावीक उंचीवर फिरतो, त्याखालचं चार्जरचं वायर, मोजा, माळ त्याच्या हिशेबात नसतं. वस्तू ओळखायच्या तर कॅमेरा लागतो आणि हजारो चित्रं दाखवून शिकवलेली प्रणाली लागते. तशी यंत्रं मिळतात. मी ती मुद्दाम टाळली, आणि माळेच्या प्रसंगानंतरही तो निर्णय मला योग्यच वाटतो. 2022 च्या डिसेंबरमध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाने छापलं होतं की चाचणीसाठी घरांत ठेवलेल्या रोबोटांनी टिपलेले फोटो, त्यात संडासात बसलेल्या एका बाईचाही, समाजमाध्यमांवरच्या गटांत पोहोचले. ते फोटो बघून वस्तूंना नावं लावायचं काम ज्यांना दिलं होतं, त्यांच्याकडून ते बाहेर गेले. ती यंत्रं विक्रीची नव्हती आणि लोकांनी संमती दिली होती, असं ते रोबोट बनवणाऱ्या, म्हणजे रूम्बाच्याच, कंपनीने सांगितलं. तरी आत्या घरात नहाणीतून लुगडं सावरत बाहेर येतात, तिथे फिरता कॅमेरा मला नको. त्यापेक्षा रोज पाच मिनिटं मी जमिनीवरच्या वस्तू उचलेन. वाकता येत नाही म्हणून लांब चिमटा आणला आहे.

आत्यांचं आणि यंत्राचं आता बरं जमतं. त्या जमिनीवर बसून भाजी निवडतात, म्हणून वेळ सकाळी दहाची ठेवली आहे. दिवेलागणीनंतर घरात केर काढत नाहीत, तर यंत्रही तेव्हा बंद. देवघरासमोर रोज रांगोळीचं छोटं स्वस्तिक असतं. मोबाइलवर नकाशात तिथे चौकोन काढून ‘इथे जायचं नाही’ असं सांगता येतं, आणि ते आठ महिन्यांत एकदाही चुकलेलं नाही. ही सोय फार चांगली आहे. रांगोळीची पूड अंगणातून पायाने आत आली तर मात्र फिल्टर लगेच चोंदतो. लक्ष्मीपूजनाला दरवर्षीसारखी नवी केरसुणी आणली, हळदकुंकू वाहिलं. गॅलरीत आणि पायरीवर तीच चालते.

भांडी, धुणं, केर-फरशी करायला येणाऱ्या ताईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की पगार तोच राहील. कमी झालेल्या कामाच्या बदल्यात त्या आठवड्यातून दोनदा खिडक्यांच्या जाळ्या आणि पंखे पुसतात. काजळीच्या दिवसांत ते काम निम्मं घर झाडण्याएवढं असतं. कुणाच्या पोटावर पाय देऊन मला कंबर वाचवायची नव्हती.

सेवा मात्र निराशाजनक. मार्चमध्ये कडेचा फिरता ब्रश तुटला. कराडात, साताऱ्यात सुटा भाग नाही. पुण्याहून यायला 19 दिवस लागले आणि त्यासाठी सहा फोन करावे लागले, सगळे हिंदीत. यंत्र स्वतःही इंग्रजी आणि हिंदीच बोलतं. अडकलं की काहीतरी सांगतं, आत्या एकट्या असल्या की नुसत्या बघत राहतात. 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली आहे. “चाकात दोरा अडकलाय” एवढं वाक्य मराठीत भरायला किती खर्च येणार होता?

वीज गेली की आणखी एक होतं. यंत्र बॅटरीवर काम पूर्ण करतं, पण चार्जिंगच्या पाटापाशी येऊन घुटमळत राहतं, कारण पाटाचा इशारा विजेवर चालतो. अशा वेळी हाताने उचलून ठेवावं.

घ्यायचं असेल तर शिवणाची टेप घेऊन आधी पलंगाखालची उंची मोजा. टोपीसकट यंत्राला 10 सेंटिमीटर लागतात. उंबरठा 2 सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर ते चढणार नाही, दर खोलीत उचलून न्यावं लागेल, आणि त्याचं वजन साडेतीन किलो आहे. माझ्यासारखी कंबर असेल त्यांना ते जमणार नाही. ‘एआय’ या अक्षरांसाठी जादा पैसे देऊ नका, लेझर आहे का ते विचारा. फिल्टर आणि कडेचे दोन ब्रश त्याच दिवशी जास्तीचे घेऊन ठेवा.