कॉब कोन: फिल्मवर पेन्सिलीने की स्क्रीनवर माउसने?

पाठीचा कणा बाजूला किती वाकला आहे, ते एक्स-रेवर कॉब कोनाने मोजतात. शिकाऊ डॉक्टरांच्या हातून हा कोन चुकतो तो बहुधा कोनमापकामुळे नव्हे, मणका चुकीचा निवडल्यामुळे. वक्राच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे सर्वांत जास्त कललेले मणके शोधायचे. वरच्याच्या वरच्या कडेवर आणि खालच्याच्या खालच्या कडेवर रेघ मारायची. या दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉब कोन. एक मणका इकडेतिकडे झाला, की उत्तर बदलले.

फिल्मवर यात जाड पेन्सिल, आखूड रेघ आणि सरकलेला कोनमापक यांची भर पडते. टोक बारीक ठेवा, रेघ मणक्याबाहेर लांब न्या. स्क्रीनवर ही कटकट नाही. धूसर कड झूम आणि कॉन्ट्रास्ट वाढवून दिसते. तरीही कड दिसेना, तर दोन्ही बाजूंच्या पेडिकलांवरून (मणक्याच्या मागच्या बाजूचे आखूड जोडखांब) रेघ घ्या.

पण संगणक ३२.४ अंश दाखवतो, तो दशांश फसवा! नेहमीची चूक ५ अंशांच्या आसपास असते, म्हणून २ अंशांच्या फरकाला ‘वाक वाढला’ म्हणू नये. नवख्यांसाठी स्क्रीनच बरी, मात्र मोजलेल्या मणक्यांची नावे, उदाहरणार्थ टी५ ते टी११ (छातीच्या भागातला पाचवा ते अकरावा मणका), नोंदवाच. पुढच्या एक्स-रेवर आधी तेच मणके मोजता येतात.