२४ एचपीचा जुना फोर बाय फोर: आवाजावर केलेली कामं आणि हंगामानंतरचा अनुभव

आमचा ट्रॅक्टर २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा, द्राक्षबागेतला छोटा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेला. तासगाव भागात असे गल्लोगल्ली दिसतात. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण इंजिन जुनं झालं की सगळे सारखेच ओरडतात. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या फवारण्या लागल्या की पहाटेपासून ब्लोअर, म्हणजे वाऱ्यानं औषध उडवणारं ट्रॅक्टरमागचं यंत्र, चालू. रात्री जेवायला बसलो की कानात शिट्टी, आणि घरातून ऐकायला मिळायचं, "अहो, ओरडताय कशाला, आम्ही इथंच बसलोय." नवीन घ्यायचा तर सहा लाखांच्या पुढं-मागं. म्हणून पावसाळ्यात एकेक काम उरकून घेतलं. आता सगळा माल उतरलाय, तेव्हा खरं काय उपयोगी पडलं ते सांगतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडं नेणाऱ्या नळीचं, पॅकिंग बदलल्यानं. हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्याला बोटभर काळी काजळी धरलेली होती. सकाळी गार इंजिन चालू केलं की तिथून फटफट यायची आणि इंजिन तापलं की कमी व्हायची. तापल्यावर लोखंड फुगतं, फट थोडी बुजते, त्यामुळं दुपारी फिटरकडं नेला तर त्यालाही काही ऐकू येत नाही. गार इंजिनावर दाखवा. गंजलेले स्टड आदल्या रात्रीच गंज सोडवायच्या तेलात भिजवून ठेवले होते, तरी एक तुटलाच आणि ड्रिल मारून काढावा लागला. त्यात अर्धा दिवस गेला.

सायलेन्सरही आतून खाल्लेला होता. लाकडी दांड्यानं ठोकला की आत पत्र्याचे तुकडे खुळखुळायचे. वेल्डिंगवाले हजारभर रुपयांत आतलं सगळं काढून सरळ पाइप टाकून देतात, पण त्यानं आवाज वाढतो. दुसऱ्या टोकाला आत नको तेवढ्या जाळ्या भरल्या तर धूर कोंडतो, इंजिन तापतं, ओढ कमी होते. मापाचा तयार सायलेन्सरच घेतला. उभा लावला तर कानापासून लांब जातो हे खरं, पण द्राक्षवेलींच्या वाय आकाराच्या तारांच्या मांडवाखाली तो तारेत अडकणार आणि काड्या मोडणार. म्हणून आडवाच ठेवला.

मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या अॅपवर फार भरवसा ठेवू नये, पण त्याच फोनवर, त्याच सीटवर, त्याच रेसवर मोजलं तर आधी आणि नंतरची तुलना जमते. आधी ९७ डेसिबलच्या आसपास दाखवायचं, आता ९१. सहाच आकडे कमी झाले असं वाटेल, पण तीन डेसिबलला आवाजाची ताकद निम्मी होते. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९७ ला अर्धा तास आणि ९१ ला दोन तास. फवारणी दोन तासांत उरकत नाही, तेव्हा इअरमफ लागतोच. चष्मा असेल तर काडीमुळं मफची गादी कानाला नीट बसत नाही, तिथं कानात घालायचे फोमचे बोळे बरे. एक मात्र सांभाळा: मफ घातल्यावर मागून कुणी हाक मारली तर कळत नाही. आमच्याकडं ब्लोअर चालू असताना मागून यायचं नाही, समोर येऊन हात करायचा, असं ठरलंय.

रेस कमी करून आवाज कमी होतो, पण ब्लोअरला पीटीओचे (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेरे मिळालेच पाहिजेत. कमी रेसवर वारा पानांच्या आतपर्यंत पोचत नाही आणि औषध वरच्यावर बसतं. ज्यांच्या ट्रॅक्टरला इकॉनॉमी पीटीओ आहे त्यांनी तो जरूर वापरावा, कमी रेसवर तेवढेच फेरे मिळतात. आमच्याला नाही. आम्ही पीटीओ आणि ब्लोअर जोडणाऱ्या जॉइंटचे दोन्ही क्रॉस बदलले, सरकत्या नळीला ग्रीस दिलं आणि ब्लोअरची उंची जुळवून जॉइंटचा कोन कमी केला. वळताना होणारी खडखड गेली.

टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, गार इंजिनावर फीलर गेजनं पुस्तकातल्या मापाला लावले, इंजिनात डिझेल सोडणारे नोझल पंपवाल्याकडून तपासून घेतले. सकाळचा ठोका आणि पांढरा धूर दोन्ही कमी झाले. मागची अवजाराची लिफ्ट उचलताना हायड्रोलिक पंप किंचाळायचा. गिअर आणि हायड्रोलिकचं तेल यात एकच असतं, ते दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी गेलेलं. तेल आणि फिल्टर बदलल्यावर किंचाळणं थांबलं.

मडगार्डच्या आतून गाडीवाल्यांचं चिकट डांबरी शीट लावलं, पायाखाली जाड रबर टाकलं. पायाची मुंगी गेली, पत्र्याचा थरथराट गेला, कानाला विशेष फरक नाही. आमच्या शेजाऱ्यानं बोनेटला आतून फोम चिकटवला होता. तो डिझेल पितो, एक्झॉस्टजवळ जळायची भीती, आणि सुटला की रेडिएटरवर जाऊन बसतो. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नये.

पुढच्या धुऱ्याकडं वेगळं लक्ष लागतं. काड्या बांधायची सुतळी आणि तारेचे तुकडे चाकाच्या आत गुंडाळले जातात आणि ऑइल सील कापतात. दर आठवड्याला वाकून चाकूनं ती सुतळी कापून काढतो. यंदा सील टिकलं. टायर बदलताना मात्र दुकानदारानं "चालतंय की हो" म्हणत पुढं वेगळ्याच मापाचे दिले. फोर बाय फोरला पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त, साधारण एक ते पाच टक्के, धावायला हवीत. ते गणित बिघडलं की गिअर गुरगुरतात आणि टायर घासतात. भांडून बदलून घेतले. डांबरी रस्त्यावर तर फोरची दांडी काढायचीच.

अजून क्लच दाबला की बेअरिंग चिरकतं. त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात, मजुरीही बरीच. माल उतरल्यावरच्या खरड छाटणीनंतर थोडी उसंत मिळाली की तेव्हा प्लेट आणि बेअरिंग एकदमच टाकून घेणार आहे.